मी दारात बसते

पोखर्णी, ता. ९ ऑगस्ट १९७६

चि. सौ. सुलास,
चांगुणाबाईचा जयभीम.

हे पत्र मी पंडित शिंप्याच्या हातानं लिहून घ्यायले. सूर्यभानला सांगितलेलं न्हाई. तुला वाटंल, सासूला काय झालं, दोन महिने शब्द न्हाई आन आज एकदम पत्र. मला काही झालेलं न्हाई. सूर्यभानच्या सदऱ्याची गुंडी लावायला मी पंडितकडं आले होते, तर खिशात तुझं पत्र निघालं. पंडितनं वाचलं. मी वाच म्हणले न्हाई, पण थांब बी म्हणले न्हाई.

त्यात तू नवऱ्याला लिहिलंस की, आत्याबाई म्हणल्या तेच खरं निघालं, मला ही नर्सबाईची शिकवण जमणार न्हाई, पोळ्याला घरी आले की परत जाणार न्हाई.

ऐकून मला रागच आला. सुला, माझी पन्नाशी कधीच मागं पडली. इतक्या वर्सांत माझं एक बोलणं कोणी खरं धरलेलं न्हाई. तुझा सासरा जित्ता होता तवर मी डावीकडं म्हणलं की उजवीकडं जायचा. सूर्यभान तर त्याचाच लेक. शेळीला हाकललं तर ती जवळ येती. आन तू, सातवी पास झालेली, सगळ्या जिंदगीत माझं एकच बोलणं उचललंस, ते बी मी रागात बोललेलं.

तू परभणीला शिकायला निघालीस तवा स्टँडवर मी काय म्हणले ते मला आठवतं. अख्ख्या पोखर्णीला आठवतं. रक्त बघितलं की आडवी होशील आन आठ दिसांत गाठोडं घेऊन म्हागारी येशील, असं म्हणले. त्या दिवशी माझा गुडघा लय दुखत होता. दुखणाऱ्या माणसाचं बोलणं कोणी मनावर घेतं का?

तर पोळ्याला येऊ नको. इथं जागा बी न्हाई. तुझ्या निजायच्या जागेवर मी शेळी बांधली हाय. आन आलीस तर काय मान मिळंल, असं बी समजू नको. सध्या गावात नर्स म्हणलं की गडीमाणसं ज्वारीत दडायलेत, नसबंदीच्या ऑपरेशनला धरून नेतील म्हणून.

तिथंच ऱ्हा. जेवत जा.

चांगुणाबाई (अंगठा)

(पत्र सांगताना बाई रडल्या. ते लिहू नको म्हणून त्यांनी मला बजावलं आहे. — पंडित)


पोखर्णी, ता. २ सप्टेंबर १९७६

चि. सौ. सुलास जयभीम.

तू पोळ्याला आली न्हाईस, हे बरं केलंस. पण सूर्यभान परवा तुला चटणी-भाकरी देऊन आला, तवा त्याच्याजवळ तू काय म्हणलीस? की सासूबाईनं माझ्या जागेवर शेळी बांधली, आता मला घर बी राहिलं न्हाई. आन रडलीस.

अगं, मी तुला धीर देयला ते लिहिलं होतं. तुला कळलं कसं न्हाई? पंडितला विचारलं तर तो म्हणतो, मावशी, मला बी कळलं नव्हतं. मग लिहिताना सांगायचं न्हाई का? शेळी सोडली हाय. जागा झाडून ठेवली हाय. पण येऊ नको.

आता पंडित म्हणतो, पोरीला धीर द्यायचा तर आधी तिची तारीफ करावी लागती. मला तारीफ करायची सवय न्हाई. बाळंतिणीला मी शिव्याच देते, त्यानं तिला जोर येतो. तरी मी सांगायला बसले. तुझी भाकरी चांगली असती. जरा जाड असती. तू झाडून चांगलं काढतीस, फक्त कोपरे ऱ्हातेत. एवढं झाल्यावर पंडितनं लेखणी खाली ठेवली. म्हणला, तुमी गप्प बसा, मी लिहितो. आन त्यानं लिहिलं, 'कुलदीपिका, सुस्वभावी, गृहकृत्यदक्ष.' कुठल्या तरी लग्नाच्या पत्रिकेतलं. मी खोडायला लावलं. वर काळं केलेलं दिसंल ते तेच हाय.

मग मी घरी गेले आन तीन दिवस विचार केला. आज आले ती एकच गोष्ट सांगायला.

बहात्तरच्या दुष्काळात आपण खडी फोडायच्या कामावर होतो. तुझं लग्न होऊन वर्स झालं नव्हतं. त्या कमलबाईच्या बोटावर हातोडा बसला, ध्यानात हाय का? बोटाचा चेंदा झाला. मुकादम पळाला, बाया वरडायल्या, मी बी तोंड फिरवलं. मी, सुईण. तू पदर फाडलास आन तिचं बोट घट्ट बांधलंस. बांधताना तुझे डोळे उघडे होते. मी चोरून बघत होते. त्या दिवशी मी तुला काही म्हणले न्हाई, उलट लुगडं फाडलं म्हणून बोलले.

दवाखान्यात तू बाळंतपण बघताना पडलीस, पोरी हसल्या, हे सूर्यभाननं सांगितलं. पडलीस तर पडलीस. दुसऱ्यांदा भितीला टेकून उभी ऱ्हा. हाडांची नावं इंग्रजीत ध्यानात राहत न्हाईत म्हणतीस. बाळाला त्याच्या हाडाचं नाव म्हाईत असतं का? ते तसंच येतं.

परभणी काय लांब न्हाई, एसटीनं पाऊण तास. पण मी येणार न्हाई. मला काम हाय.

चांगुणाबाई (अंगठा)

(काम काही नाही. दिवसभर माझ्या दुकानात बसून असतात. — पंडित)


पोखर्णी, ता. १८ नोव्हेंबर १९७६

चि. सौ. सुलास जयभीम.

तुझं निळं पत्र मिळालं. मला पहिल्यांदाच माझ्या नावाचं पत्र आलं. पोस्टमननं दारात उभं राहून नाव पुकारलं तवा मला वाटलं कोर्टाचं समन्स हाय. मी मागच्या दारानं गेले. मग शेजारणीनं सांगितलं की परभणीचं हाय.

तू लिहिलंस की आता पडत न्हाई, पण आत जायचं भ्या अजून गेलेलं न्हाई. आन विचारलंस, आत्याबाई, तुमाला पहिल्यांदा भ्या वाटलं नव्हतं का?

सुला, ह्या गावात मी अडतीस-चाळीस वर्स सांगत आले की मला कधीच भ्या वाटलं न्हाई. आज जे सांगायले ते पंडितला कात्रीची शपथ घालून सांगायले.

माझी सासू सरजाबाई ही सुईण होती. लय नावाजलेली. निजामाचा अंमल होता तवाची गोष्ट. आडल्या बाईला सोडवायला सरजाबाईला सगळ्या आळ्यांतून बोलावणं यायचं. पोट दुखायला लागलं की कोणाला जात आठवत न्हाई. ती बारशाला आठवती. मी तिच्या मागं तेलाची वाटी घेऊन फिरायची. मला एकोणिसावं लागलं होतं. एक दिवस सरजाबाई तापानं फणफणली आन नेमकं पाटलाच्या वाड्याकडून बोलावणं आलं. ती म्हणली, तू जा.

मी घरातून निघाले, आन वाड्याकडं जायचं सोडून कडब्याच्या गंजीत जाऊन लपले. खरं सांगते. डोक्यावर पेंढ्या घेतल्या आन बसले. बोलवायला आलेला गडी सगळ्या आळीत मला हुडकायला. मला शिंका आल्या म्हणून सापडले.

मला वाटलं आता सासू जीव घेईल. सरजाबाई तापात काठी टेकत आली. माझ्या केसातला कडबा काढला. माझा हात धरून त्या घराच्या दारापर्यंत आली, उंबऱ्याशी बसली आन म्हणली, "आत जा. मी दारात बसते. काही आडलं तर मी हाय."

मी आत गेले. ती बाई माझ्यापेक्षा मोठी, चौथं बाळंतपण तिचं. तीच मला सांगायली, आता हे धर, आता ते धर. मी नुसते हात पुढं केले आन पोरगं हातात आलं. पण सगळा वेळ मी मनात म्हणत होते, दारात सासू हाय, दारात सासू हाय. तेवढ्यावर मी उभी होते. नाळ कापली, पोर गुंडाळलं आन सांगायला भाईर आले, तर सरजाबाई भितीला डोकं टेकून घोरायली. कधी झोपली होती कोणास ठाऊक. मी आत मरत होते तवा ती भाईर घोरत होती. आन तिच्याच जोरावर मी सगळं केलं.

उठवलं तर म्हणली, "मला म्हाईत होतं." काय म्हाईत होतं, ते मी कधी विचारलं न्हाई.

तुझ्या बारीला मी दारात बसायचं होतं. मी स्टँडवर उभी राहून वरडले. गुडघा दुखत होता ते खोटं हाय. तू शिकून आलीस, पांढरं लुगडं नेसून आलीस, की मग मला कोण बोलावणार, हे माझ्या डोक्यात होतं. सुईणीला कोणी बोलावलं न्हाई तर ती नुसती म्हातारी ऱ्हाती.

हे कळलं ना. आता अभ्यास कर. मी इथं हाय. घोरत असले तरी हाय.

चांगुणाबाई (अंगठा)

(शपथ घातल्यामुळे मी काही लिहीत नाही. — पंडित)


पोखर्णी, ता. ५ मार्च १९७७, दुपार

सुला,

हे पत्र पोस्टात टाकायचं न्हाई, पाचच्या गाडीच्या कंडक्टरच्या हातात द्यायचं हाय. पंडितनं मशीन बंद करून लिहायला घेतलं. लवकर जबाब दे.

आज सकाळी आबासाहेबांच्या वाड्यावरून मला बोलावणं आलं. त्यांची सून कस्तुरा, पहिलटकरीण, रात्रीपासून आडली होती. मी पोटावर हात ठेवला आन माझा हात तिथंच थांबला. डोकं खाली न्हाई, वर बी न्हाई. एका कुशीला. बाळ आडवं होतं.

असं मी जिंदगीत तीनदा बघितलंय. एकदा फिरवून मोकळं केलं. ते मी सगळ्यांना सांगते. बाकीच्या दोन बारीचं मी कोणाला सांगत न्हाई.

जानेवारीत तू मला लिहिलं होतंस, बाळ आडवं असलं तर हात घालायचा न्हाई, लगेच दवाखान्यात पाठवायचं. तवा मी पंडितला म्हणले होते, बघ, काल शिकायला गेली आन आज मला शिकवायली. तुझं ते पत्र मी चुलीत घालणार होते. घातलं न्हाई.

कस्तुरा माझा हात धरून म्हणली, "मावशी, तुमच्यानं होईल ना?" सगळे माझ्या तोंडाकडं बघायले. पाण्याचा हंडा उकळायलाय, जुनं लुगडं फाडून ठेवलंय. मला वाटलं, होईल. मग वाटलं, न्हाई झालं तर?

मी भाईर येऊन आबासाहेबांना म्हणले, सुनंला परभणीला न्या. ते म्हणले, "चांगुणाबाई, तुम्ही म्हाताऱ्या झाल्या. भ्यायला लागल्या." मी म्हणले, "व्हय, भ्याले. आता गाडी बघा."

त्यांची जीप इलेक्शनच्या प्रचाराला गेलेली. मग बाजंवर घालून स्टँडवर नेली. बाराची एसटी लागली होती. कंडक्टर म्हणला, आडलेली बाई गाडीत घ्यायचा नियम न्हाई. मी म्हणले, तसं कागदावर लिही आन सही करून तिच्या हातात दे. त्यानं मागचं लांब शीट रिकामं करून दिलं. मी गाडीपुढं उभी ऱ्हाऊन डायव्हरला सांगितलं की मधी कुठंच थांबायचं न्हाई, खड्डे चुकवायचे. त्यानं बी मान हलवली. एक माणूस मधल्या फाट्यावर उतरणार होता. तो उठून म्हणायला, मग मी काय करू? सगळी गाडी त्याला म्हणली, परभणी बघून या.

कस्तुराची आई आन नवरा सोबत गेले. मी गेले न्हाई. पायरीवर पाय ठेवला होता, मग काढला. मला वाटलं, त्या पांढऱ्या कपड्यांच्या माणसांत जाऊन मी काय सांगू? आन तू समोर असशील.

गाडी गेल्यापासून गावात दोन बाया मला ऐकू जाईल असं बोलल्या की चांगुणाबाईचा हात गेला. मला बी तसंच वाटायलंय. मी फिरवू शकत होते का न्हाई? तुला कळलं तर सांग. कस्तुरा जित्ती हाय का ते आधी सांग.

चांगुणाबाई (अंगठा)

(बाई सकाळपासून जेवल्या नाहीत. — पंडित)


पोखर्णी, ता. ९ मार्च १९७७

चि. सौ. सुलास लय लय जयभीम.

तुझं पत्र मिळालं. कस्तुराला पोरगी झाली, ऑपरेशन करून, आन दोघी खुशाल हायत. हे ऐकल्यावर मी आधी पाणी प्याले. मग पंडितला म्हणले, पुढचं वाच.

पुढं तू लिहिलंस की डॉक्टरांनी विचारलं, पेशंटला इतक्या वेळेवर कोणी पाठवलं? कोणी हात घातलेला दिसत न्हाई. तू म्हणलीस, आमच्या सासूबाईनं. तर डॉक्टर म्हणले, त्या बाईच्या हाताला कळतं. ही ओळ मी चारदा वाचून घेतली. पाचव्यांदा पंडितनं नकार दिला. मग दुकानात चार गिऱ्हाईकं बसली तवा मी म्हणले, अरे पंडित, ते परभणीचं काय आलंय, माझ्या ध्यानातच न्हाई. त्यानं बिचाऱ्यानं मोठ्यानं वाचलं. मी भाईर बघत बसले.

आन शेवटची ओळ. 'आत्याबाई, ऑपरेशनच्या वेळी ट्रे धरून मी उभी होते. मी पडले नाही. तुम्ही गाडीच्या पायरीवरून परत गेलात असं कस्तुराची आई म्हणाली, पण मला सगळा वेळ तुम्ही दारात बसला आहात असंच वाटत होतं.' ही ओळ मी एकदाच वाचून घेतली. दुसऱ्यांदा ऐकायची माझी ताकद न्हाई.

सुला, त्या दिवशी माझा हात गेला असं मला वाटलं होतं. तू नुसतं कळवलंस, पण त्यानं मी उठून जेवले.

आबासाहेब काल पंडितच्या दुकानात आले. माझ्याशी बोलायचं होतं, पण बोलता येईना. म्हणून त्यांनी नवा सदरा शिवायचं माप दिलं. माप देताना, हात वर करून, पंडितकडं बघत म्हणले की घरी पेढे आलेत, ज्याला पाहिजे त्यानं न्यावेत. मी न्हाई गेले. आज पेढे घरी आले.

फाट्यावर उतरणारा माणूस परभणीला गेलाच हाय तर दुखरी दाढ काढून आला. मला भेटून गेला. अजून तोंड सुजलेलं हाय, पण खूश हाय.

चांगुणाबाई (अंगठा)

(बाईंनी सांगितलं, आज तुझ्या मनानं काय लिहायचं ते लिही. तर लिहितो. सूर्यभाननं ते पहिलं पत्र सदऱ्याच्या खिशात मुद्दाम ठेवलं होतं. गुंडी त्यानंच तोडली होती. — पंडित)


पोखर्णी, ता. १५ जून १९७८

चि. सौ. सुलाबाई नर्सबाईस जयभीम.

तू पास झालीस आन गंगाखेडकडच्या उपकेंद्रावर रुजू झालीस. सूर्यभान तिथं तुझ्याबरोबर हाय, त्याला स्वैपाक येत न्हाई हे तुला आता कळलंच असंल. त्याला वरणाला फोडणी घालायला शिकव, मी शिकवून थकले.

आता माझं ऐक. मागल्या आठवड्यात आरोग्य केंद्रातून एक बाई आल्या. सरकार सुईणींना शिकवणार हाय, म्हणे. एक महिना रोज जायचं, खाली सतरंजीवर बसायचं, भाईरून आलेल्या सिस्टर शिकवतील. शेवटी तोंडी परीक्षा. पास झालं की साबण, कात्री आन दोरा ठेवलेली पेटी मिळती. यादीत त्यांनी माझं नाव पहिलं घातलं. तुझ्या डॉक्टरांनीच सांगितलं असंल.

मी व्हय म्हणले. लोकांपुढं न्हाई कसं म्हणणार? कस्तुरानं तर पोरीला कडंवर घेऊन येऊन मला ओवाळलं. ती पोरगी आता चालती, माझं लुगडं ओढती. पंडितनं मला एक पिशवी शिवली, तिला पेन्सिलीसाठी वेगळा खिसा केला. मला लिहिता येत न्हाई, हे त्याला म्हाईत हाय. तरी केला.

पण घरी आल्यावर सुला, मला लय भ्या वाटायलं. मी आयुष्यात शाळेची पायरी चढलेली न्हाई. मला कोणी सगळ्यांदेखत प्रश्न विचारला तर? आमच्या बरोबरच्या बाया हसल्या तर? इतकी वर्स जे केलं ते सगळं चुकीचं होतं, असं म्हणल्या तर? एखादं मोठं नाव विचारलं तर मी काय सांगू? दोन दिवस झाले, घास उतरंना. पंडित म्हणतो, मावशी, तुमी नुसतं जाऊन बसा, बाकी मी बघतो. तो काय बघणार? त्याला बाह्या सुद्धा सारख्या लावता येत न्हाईत. पण म्हणला ते बरं वाटलं.

आज गुरुवार. सोमवारी सकाळी जायचंय. हे पत्र मिळंल त्याच दिवशी तू चार ओळी लिहून धाड. मला जमंल, असं लिही. खोटं असलं तरी चालंल.

तुझी सासू,
चांगुणाबाई (अंगठा)